मागून प्रकाशित

यादी सात ओळींची होती. प्रदर्शनातल्या सात चित्रांची नावं, मापं, माध्यम आणि साल, एवढंच मराठीतून इंग्रजीत करून द्यायचं. तासाभराचं काम. यादीच्या माथ्यावर बाईंनी आपल्या तिरप्या अक्षरात एक ओळ लिहिली होती : 'मागून प्रकाशित केलेली सात चित्रे'. ती ओळ मी वाचली, क्षणभरही न अडखळता इंग्रजीत केली आणि पुढे गेले. 'सेव्हन पिक्चर्स, पब्लिश्ड लेटर.' डोक्यात त्यामागची गोष्टसुद्धा तयार होती. बाईंची आधीची चित्रं कुठल्या तरी पुस्तकात आली असणार, ही सात तेव्हा राहून गेली असणार, मग मागाहून छापली असणार. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "अगं, ही कुठेच छापून आलेली नाहीत. मागून दिवा लावलाय त्यांना. पाठीमागून!" आणि त्या मोकळं हसल्या. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र कानशिलं गरम झाली. इतकी वर्षं भाषांतरं करून शेवटी मी चांगलेच दिवे लावले होते.

चूक लपवता येण्यासारखी होती, कारण ती अर्धी भाषेची होती. 'मागून' म्हणजे पाठीमागून, आणि 'तू हो पुढे, मी मागून येते' यातलं नंतरही. 'प्रकाशित' म्हणजे उजेड टाकलेलं, आणि छापून बाजारात आलेलंही. दोन शब्द, दोघांच्याही खिशात दोन-दोन अर्थ, आणि मी दोन्ही ठिकाणी नेमका चुकीचा उचलला. पण बाईंना मी हे स्पष्टीकरण दिलं नाही, कारण मला आतून ठाऊक होतं की प्रश्न भाषेच्या लबाडीचा नव्हता. माझ्या धंद्यात दिवसभर प्रकाशक, प्रकाशन, प्रकाशनपूर्व हेच शब्द असतात. त्या शब्दात कुठे 'प्रकाश' आहे हे मला किती वर्षांत दिसलं नव्हतं, कोण जाणे. एखाद्या खोलीतला बल्ब गेलेला असावा, आणि आपण सवयीने अंधारातच बरोबर कपाटापर्यंत जाऊन हवी ती वस्तू काढत राहावं, तसं.

दुरुस्ती सोपी वाटली होती. प्रकाशित, म्हणजे 'इल्युमिनेटेड'. लिहिलं आणि लगेच हात थांबला. कलेच्या जगात 'इल्युमिनेटेड' म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतात मध्ययुगीन युरोपातल्या हस्तलिखित पोथ्या. चर्मपत्रावर रंगवलेली मोठी आद्याक्षरं, वेलबुट्टी आणि सोन्याचा वर्ख. त्यांच्या पाठीमागे कुठलाही दिवा नसतो. उजेड समोरून येतो, वर्खावर आपटून परत डोळ्यांत येतो, आणि पान हलवलं की अक्षर लकाकतं. म्हणजे बाईंच्या चित्रांच्या बरोबर उलट प्रकार. शिवाय 'इल्युमिनेटेड' या शब्दाला दिव्याची दिशाच नाही. वरून झोत सोडलेलं तैलचित्रसुद्धा इल्युमिनेटेडच, आणि रोषणाई केलेली इमारतही. बाईंच्या ओळीतला सगळा जीव 'मागून' या शब्दात होता आणि तोच इथे गळत होता.

मग आला 'बॅकलिट'. बॅक म्हणजे मागे, लिट म्हणजे उजळलेलं. आता आणखी काय हवं? पण एका फोटोग्राफर मैत्रिणीला वाचून दाखवलं, 'बॅकलिट फोटोग्राफ्स', तर ती म्हणाली, "अच्छा, सूर्य मागे ठेवून काढलेले? कडेला सोनेरी रेघ येते तसले?" छायाचित्रकारांच्या भाषेत बॅकलिट म्हणजे फोटो काढताना माणसाच्या किंवा झाडाच्या मागे उजेड होता. चेहरा काळवंडतो, केसांभोवती उजेडाची कड येते. तो उजेड एकदाच, फोटो काढण्याच्या क्षणी होता. आता तो चित्राच्या आत गोठलाय. बाईंचा उजेड चित्राच्या बाहेर आहे, आत्ता आहे, आणि बटण दाबलं की नाही. एक उजेड चित्रातला आणि दुसरा चित्राचा. इंग्रजीने दोघांना एकच शब्द देऊन टाकलाय, आणि फलक बनवणाऱ्यांच्या कारखान्यात तो दुसऱ्या अर्थाने इतका रुळलाय की ते नुसतं 'बॅकलिट' म्हणतात. विशेषण असल्याचंही कुणाला आठवत नाही. दहा बॅकलिट द्या. मग मी 'बॅकलिट प्रिंट' असं करून पाहिलं. 'फोटोग्राफ'च्या जागी 'प्रिंट' घातला की अर्थ बराच ताळ्यावर येतो, कारण छापलेल्या कागदाच्या मागे सूर्य ठेवून कुणी फोटो काढत नाही.

'लाइटबॉक्स' हा शब्द मला आधीपासून माहीत होता, पण तो माझ्यासाठी दवाखान्यातला होता. लहानपणी एकदा आईच्या छातीचा एक्स-रे काढला होता. मोठ्या खाकी पाकिटातून घरी आला. भेटीची वेळ दुसऱ्या दिवशीची होती, पण घरातल्या प्रत्येकाने तो खिडकीशी धरून आपापलं निदान केलं. मीही धरला. फिल्म थंड होती, हलवली की पातळ पत्र्यासारखी वाजायची. मला फासळ्या दिसल्या आणि फासळ्यांच्या आरपार बाहेरचं झाड दिसलं. आईच्या छातीत फांद्या होत्या. कुठली रेघ आईची आणि कुठली झाडाची हे मला ठरवता येईना, आणि ते विचारायचीही भीती वाटली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोच एक्स-रे भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीच्या वरच्या खाचेत सर्रकन सरकवला, बटण दाबलं. आतल्या नळ्या दोनदा लुकलुकल्या आणि मग सगळीकडे एकसारखा, दुधाळ, कुठूनच न आल्यासारखा उजेड पसरला. झाड गेलं. फक्त आई उरली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ठीक आहे. ते काय म्हणाले यापेक्षा झाड गेलं याचंच मला जास्त हायसं वाटलं होतं, हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

त्या पेटीचं सगळं कसब समोरच्या दुधी प्लास्टिकच्या पत्र्यात असतं. आत नळ्या असोत की एलईडीच्या पट्ट्या, नुसती साधी काच लावली तर त्या नळ्याच दिसतील, पट्टे-पट्टे पडतील, किंवा ठिपक्यांसारखे डाग दिसतील. त्यांना कारागीर 'हॉटस्पॉट' म्हणतात. दुधी पत्रा उजेडाला वाट देतो, पण त्याची दिशा विस्कटून टाकतो. म्हणून मागचं काहीच दिसत नाही, तरी उजेड येतो. इंग्रजीत यासाठी दोन शब्द आहेत. 'ट्रान्सपरन्ट', ज्याच्या मुळाशी लॅटिनमधलं आरपार दिसणं आहे; आणि 'ट्रान्सल्युसन्ट', ज्याच्या मुळाशी आरपार उजळणं आहे. मराठी शाळेत आम्ही दुसऱ्याला 'अर्धपारदर्शक' म्हणायचो, आणि तो शब्द मला आता अन्यायाचा वाटतो. दुधी पत्रा हा काही साध्या काचेचा अर्धा नाही. पन्नास टक्के दिसतं आणि पन्नास टक्के दिसत नाही असं तिथे काही घडत नाही. 'पारभासी' असाही एक शब्द आहे, त्यातला 'भास्' म्हणजे प्रकाशणं, अगदी लॅटिनच्या जोडीचा. पण मराठीत 'भास' म्हणजे नसलेलं दिसणं झालंय, त्यामुळे तो शब्द उच्चारताना मला दर वेळी काहीतरी फसवाफसवी चालल्यासारखं वाटतं.

'लाइटबॉक्स'ची अडचण वेगळीच निघाली. तो शब्द फार जणांना दिलेला आहे. एक्स-रेची पेटी लाइटबॉक्स, चित्रकार खालून उजेड देऊन रेघा गिरवतात ते टेबलही लाइटबॉक्स. काळोख्या हिवाळ्यात ज्यांचं मन खचतं त्यांनी सकाळी ज्याच्यासमोर बसायचं तो दहा हजार लक्सचा दिवा, तोही. छोट्या वस्तूंचे फोटो काढण्यासाठी पांढऱ्या कापडाचा तंबूवजा खोका असतो, त्यालाही काही जण हेच म्हणतात. आणि संगणकाच्या पडद्यावर एखाद्या चित्रावर टिचकी मारली की ते मोठं होतं व बाकी सगळं काळवंडतं, त्यालाही प्रोग्रामर मंडळींनी तेच नाव दिलंय. तिथे तर ना लाइट, ना बॉक्स.

मग मी चित्रं बघायलाच गेले. हे आधीच करायला हवं होतं.

बाईंच्या खोलीत सातही चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली होती, दिवे बंद. पहिली प्रतिक्रिया निराशेची. काळपट, चिखलाळलेली, मढ्यासारखी. एका चित्रात पाण्याजवळ उभी बाई आहे असं यादीत लिहिलं होतं, पण मला पाणीही दिसेना आणि बाईही. बाई (म्हणजे आमच्या) खाली वाकून एकेक प्लग लावत गेल्या आणि एकेक चित्र जणू श्वास घेऊन वर आलं. पाणी होतं. त्यात दोन प्रकारचे हिरवे होते. मी विचारलं, बंद असताना एवढं काळं का दिसतं? त्यांनी सांगितलं ते मला फार आवडलं. साध्या कागदावरच्या छपाईत उजेड शाईतून आत जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा शाईतूनच बाहेर येतो, म्हणजे शाई त्याला दोनदा गाळते. मागून दिवा लावला की उजेड शाईतून एकदाच जातो. म्हणून अशा छपाईत शाई जवळजवळ दुप्पट गडद ठेवावी लागते, नाहीतर रंग फिके, धुतल्यासारखे दिसतात. आणि दिवा बंद केला की तीच दुप्पट शाई समोरच्या उजेडाला पुन्हा दोनदा गाळते. म्हणून मढं.

पहिली चार चित्रं एका जातीची होती. डिजिटल फोटो, पारभासी फिल्मवर छापलेले, मागे एलईडी. मला 'ड्युराट्रान्स' हा शब्द वापरायचा मोह होत होता, कारण परदेशी प्रदर्शनांच्या कार्डांवर तो वाचलेला होता आणि तो दिसतो भारदस्त. बाईंनी मान हलवली. ड्युराट्रान्स हे कोडॅक कंपनीचं मालकीचं नाव, आणि ती फिल्म फोटोच्या कागदासारखी प्रकाशसंवेदी असते. तिच्यावर उजेडाने प्रतिमा उमटवून ती रसायनांत धुवावी लागते. "माझी तर इंकजेटवर छापलेली आहेत गं. उगाच मोठेपणा कशाला?" लोक सर्रास म्हणतात खरं, जसं कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर काढलेल्या प्रतीला आपण झेरॉक्स म्हणतो. पण तोंडी चालतं ते कार्डावर चालत नाही. उद्या कुणी जतन करणारा ते वाचून फिल्मवर चुकीचा उपचार करायचा. म्हणून त्या चारांचं 'इंकजेट प्रिंट ऑन ट्रान्सल्युसन्ट फिल्म, लाइटबॉक्स' असं झालं. लांबलचक, रुक्ष, आणि खरं.

पाचवं आणि सहावं चित्र तळहाताहून लहान. जुन्या ३५ मिलिमीटरच्या स्लाइड, पांढऱ्या चौकटीसकट, छोट्या पेट्यांत बसवलेल्या. चौकट दोन इंच बाय दोन इंच, आत चित्र ३६ बाय २४ मिलिमीटर. त्या आठवणीने बोटं शिवशिवली. स्लाइड कडेने धरायची, बोटाचा ठसा उमटू द्यायचा नाही, डोळा मिटून ट्यूबलाइटसमोर न्यायची आणि मग एकदम त्या एवढ्याशा खिडकीत समुद्र. भिंतीवर टाकलेल्या मोठ्या चित्रापेक्षा मला हे चोरून बघणंच आवडायचं. पण कार्डावर 'स्लाइड' लिहावं की 'ट्रान्सपरन्सी'? स्लाइड म्हटलं की आजचा विशीतला माणूस ऑफिसातल्या सादरीकरणाचं पान समजतो. त्यात वस्तू नाही, फिल्म नाही, काहीच नाही. 'ट्रान्सपरन्सी' म्हटलं की कारभारातली पारदर्शकता आठवते. मराठीत निदान 'पारदर्शिका' आणि 'पारदर्शकता' असे दोन वेगळे शब्द केलेत. इथे आपण जिंकलो. शेवटी '३५ मिलिमीटर कलर स्लाइड' लिहिलं. मागचा आकडा बघून तरी कुणाला फिल्म आठवेल.

'ट्रान्सपरन्सी' या शब्दाचा दबदबा मात्र मोठा आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात कोडॅकने १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं 'कलरामा' लावला होता. साठ फूट लांब, अठरा फूट उंच, मागून उजळलेला एकच रंगीत फोटो, पट्ट्या जोडून केलेला. ठरावीक काळाने तो बदलायचा. एकूण ५६५ झाले. गाडी पकडायला धावणाऱ्या माणसांच्या डोक्यावर तेवढं मोठं निळं आकाश, आणि ते आकाश जाहिरातीचं. तोच जाहिरातीचा उजेड जेफ वॉल या कॅनडाच्या कलावंताने १९७०च्या दशकाच्या अखेरीस कलादालनात नेला. बसथांब्यांवरचे उजळलेले फलक आणि स्पेनच्या प्रादो संग्रहालयातली थोरामोठ्यांची तैलचित्रं, हे दोन्ही त्याने एकाच प्रवासात पाहिलं होतं. त्याच्या कार्डांवर असतं, 'ट्रान्सपरन्सी इन लाइटबॉक्स'. मला त्या 'इन'चं कौतुक वाटतं. चित्र एक वस्तू, पेटी दुसरी, आणि कलाकृती दोघांची मिळून. एक शब्द सगळं सांगत बसत नाही. तरीही खोडी काढायचीच तर त्या ट्रान्सपरन्सीच्या मागे दुधी थर असतोच. आरपार काही दिसायचं नाही, दिसलं तर सगळं फसलं. तो शब्द वस्तूचा राहिलाय, तिच्या गुणाचा नाही.

मध्येच एक विचार येऊन गेला. आपण फोटोला 'छायाचित्र' म्हणतो. इंग्रजीने त्याला उजेडाचं लिहिणं म्हटलं आणि आपण सावलीचं चित्र. ही आपलीच उलटी खोपडी असं मला वाटायचं, पण छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटनेही १८३९मध्ये आपल्या नव्या कलेबद्दल सांगताना 'सावली पक्की करण्याची कला' असे शब्द वापरले होते. एक्स-रेच्या प्रतिमेलाही सुरुवातीला 'स्कायाग्राफ' म्हणत, ग्रीक 'स्किया' म्हणजे सावली. पुढे इंग्रजीने ते सोडून दिलं. आपण धरून ठेवलं, आणि सोबत 'प्रकाशचित्र'ही घेतलं. दोन्हींचा अर्थ एकच. मग मागून उजळलेल्या चित्राला मराठीत प्रकाशचित्र म्हणायची सोय आपली आपणच घालवली. असो.

सातव्या चित्राने खरा घोळ घातला.

ते छापील नव्हतंच. पातळ, जुनं कापड, लाकडी चौकटीवर ताणलेलं, दोन्ही बाजूंनी रंगवलेलं. समोरून बघितलं तर दिवसा उजेडी एक रिकामं अंगण. मागचा बल्ब लावला की मागच्या बाजूला रंगवलेलं पुढे येतं : दारात उभी एक आकृती आणि घरात पेटलेला दिवा. एलईडी नाही, तारेचा पिवळा बल्ब. "पांढऱ्या उजेडात ती मेल्यासारखी दिसते," बाई म्हणाल्या. लुई दागेर या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसमध्ये १८२२ साली 'डायोरामा' नावाचा खेळ सुरू केला होता, आणि पुढे तिथे कापडाच्या दोन्ही बाजू रंगवून, समोरचा-मागचा उजेड पालटून, प्रेक्षकांसमोर दिवसाची रात्र करत. म्हणजे या चित्राचं वंशपरंपरेने आलेलं नाव डायोरामाच. पण आज डायोरामा म्हटलं की काचेच्या पेटीतलं छोटं गाव आणि कापसाचा बर्फ. त्याहून जुनं आणि अचूक नाव म्हणजे पुन्हा तेच, 'ट्रान्सपरन्सी'. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये युद्ध जिंकलं की खिडक्यांत अशी रंगवलेली कापडं आणि तेलकट कागद लावून मागे दिवे ठेवत, आणि त्यांना ट्रान्सपरन्सी म्हणत. टॉमस गेन्झबरो या इंग्रज चित्रकाराने काचेवर रंगवलेल्या निसर्गचित्रांसाठी १७८०च्या सुमारास मागे मेणबत्त्या लावायची एक पेटी करून घेतली होती, ती अजून लंडनच्या संग्रहालयात आहे. हे सगळं वाचून मला आनंद झाला आणि त्याचा उपयोग शून्य. शब्दावर जिचा पहिला हक्क तिलाच तो देता येत नव्हता, कारण बाजूच्या कार्डावर तो वाचणारा माणूस फिल्म शोधणार. मी कार्डावर लिहिलं, 'क्लॉथ, पेंटेड ऑन बोथ साइड्स, लिट फ्रॉम बिहाइंड'. सरळ. एकही पारिभाषिक शब्द नाही. दोन दिवस शोधाशोध करून हातात हे आलं याची थोडी लाजही वाटली.

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. "म्हणजे हे माझंच की. मागून प्रकाशित." मी म्हटलं, हो, आणि आता मराठीही जरा सुधारू या, दारावरच्या फलकावर 'पाठीमागून उजळलेली सात चित्रे' करू, कुणाचा घोटाळा नको. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "राहू दे. हे कापड मी तिशीत रंगवलं होतं. माळ्यावर होतं. तू पहिल्यांदा केलंस ते काही अगदीच चूक नव्हतं." त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणत होत्या की खरंच, ते कळायला मार्ग नव्हता, त्या पुन्हा प्लगकडे वळल्या होत्या. सातव्याचा प्लग त्यांनी काढून टाकला. बल्ब तापतो, कापड जुनं, वेळाने कडा तपकिरी पडायला लागतात. तासातून दहाच मिनिटं लावायचा. "तेवढं एक कार्डावर घाल हं, इंग्रजीत."

घरी येऊन ती ओळ घेऊन बसले. 'लिट फॉर टेन मिनिट्स एव्हरी अवर.' मग वाटलं, लिट म्हणजे पेटवलेलं, कुणी काडी लावलेली समजेल. 'स्विच्ड ऑन' केलं. मग तो पिवळा उजेड आठवला आणि 'स्विच्ड ऑन' खोडलं.